एकेचाळीस सभासदांचं श्रोता मंडळ

ढाणकीच्या सरदार मिस्त्रींनी सात देशांच्या सरकारांचा प्रचार पन्नास वर्षं रोज संध्याकाळी मन लावून ऐकला, आणि त्यातलं एक अक्षरही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. हे सांगून कुणाला खरं वाटत नसे. पोलिसांना तर मुळीच वाटलं नाही.

मिस्त्रींचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर. पाटीवर सुरुवातीला ‘रेडिओ’ एवढंच होतं. मग खाली टेप आणि टीव्ही आले, पंखे आणि मिक्सर आले. शेवटी मुलगा साद यानं अर्धं दुकान घेऊन ‘मोबाइल’ लिहायचं ठरवलं, तेव्हा जागा उरली नव्हती म्हणून ‘रेडिओ’वर रंग मारला गेला. आत भिंतीवर दोन घड्याळं. एक ढाणकीच्या वेळेचं आणि दुसरं साडेपाच तास मागे. नवीन गिऱ्हाईक हटकून म्हणे, “मिस्त्री, लोकायच्या मशिनी दुरुस्त करता, अन् घरचंच घड्याळ बंद?” ते बंद नव्हतं, लंडनच्या वेळेवर होतं. जगातली सगळी रेडिओ स्टेशनं आपली वेळ त्यावर सांगत, म्हणून मिस्त्रींची नोंदही त्यावरच होई.

नोंद म्हणजे पाच आकडे. परदेशी स्टेशनांना आपला आवाज दूरवर कसा पोचतो हे जाणून घ्यायचं असे, आणि ते कळवायची एक ठरलेली रीत होती. आवाजाची ताकद किती, शेजारच्या स्टेशनाची लुडबूड किती, खरखर किती, चढउतार किती आणि एकूण कसं, याला एक ते पाच गुण द्यायचे. पाच उत्तम, एक म्हणजे काही राम नाही. मिस्त्री संध्याकाळी काम आटोपून सेटसमोर बसत, मॉस्को लावत, कान तिरपा करत आणि वहीत लिहीत : ३४४३३. मग बीजिंग, ताश्कंद, तेहरान, कोलोन, वॉशिंग्टन, लंडन. कुणी क्रांती सांगत होतं, कुणी बाजारपेठ, कुणी परलोक. मिस्त्रींना हिंदी येत होती, उर्दू तर घरचीच. पण छातीला नळी लावलेला डॉक्टर रोग्याची कहाणी ऐकत बसत नाही, तसं ते होतं. एखादं साम्राज्य कोसळलं त्या दिवशीची नोंद वहीत आहे : ‘चढउतार फार. दोन.’

खोटा आकडा मात्र त्यांनी कधी लिहिला नाही. एका देशानं चहाची सुंदर डबी पाठवली, त्याच आठवड्यात त्याला दोन गुण दिले. अहवाल पोस्टानं जात आणि दोन-तीन महिन्यांनी पोचकार्ड येई. त्यावर चकाचक पूल, धरण, हसऱ्या कामगार बाया. त्या कार्डांचा मिस्त्रींना अभिमान होता. ढाणकीतला पोस्टमन सात सरकारांच्या वतीनं फक्त त्यांच्याकडे येतो, हे काय कमी होतं?

रेडिओवर काय सांगताहेत ते ऐकायला धर्मपाल गुरुजी येत. जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर, मिस्त्रींच्याच वयाचे. स्टुलावर बसून चहा बशीत ओतायचे आणि ऐकायचे. आणीबाणीत आपला सरकारी रेडिओ फार आनंदात होता. गाड्या वेळेवर, उत्पादन वर, जनता समाधानी. गुरुजी आल्या आल्या विचारत, “काय म्हनते आज दिल्ली?”

“पाच, पाच, पाच. आवाज कसा काचेवानी साफ.”

“साफ असन गड्या. खरा आहे का?”

“ते मीटरवर दिसत नाई, गुरुजी.”

त्या साली गुरुजींना शाळा सोडून नसबंदीच्या केसेस आणायचा कोटा ठरवून दिला होता. रेडिओवर लोक हसत हसत शिबिराला येत होते, आणि गुरुजींच्या गावात त्यांना सायकलवर येताना पाहून माणसं तुरीच्या वावरात घुसत होती. गुरुजी संध्याकाळी दुकानात येऊन दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडत आणि मग म्हणत, “लाव बाप्पा लंडन. तिकडचा साहेब आपल्याबद्दल काय सांगून राह्यला पाहू.” एवढं सोडलं तर बाहेरच्यांवरही त्यांचा काही जीव नव्हता. मॉस्कोचा गहू आणि वॉशिंग्टनचं स्वातंत्र्य ते एकाच चाळणीतून घालत. मिस्त्री लिहीत, गुरुजी भांडत, सेट बोलत राही. असं त्यांचं जमलं होतं.

मंडळ स्थापन झालं ते ब्याऐंशी साली. एका देशानं (नाव कशाला घ्या, तो देशही आता राहिला नाही) कळवलं की सुटे श्रोते बरे, पण श्रोता मंडळ उत्तम. चाळीसच्या वर सभासद असतील त्या मंडळाला मोठा सेट भेट मिळेल. मिस्त्रींनी पुसदहून गोल शिक्का करून आणला. अध्यक्ष स्वतः, सचिव धर्मपाल गुरुजी. उरलेले एकोणचाळीस कुठून आणायचे? मिस्त्रींनी वर माळ्याकडे पाहिलं. तिथं दुरुस्तीला आलेले आणि न्यायला कुणी न आलेले रेडिओ रांगेनं बसले होते, प्रत्येकाच्या मुठीला दोऱ्यानं चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि गाव. रेडिओ ठेवताना प्रत्येक जण “सवडीनं नेतो” म्हणून गेला होता. कुणाला सवड झाली नाही, कुणी नवा घेतला, कुणी वारलं. मिस्त्रींनी शिडी लावली आणि चिठ्ठ्यांवरून नावं उतरवून घेतली. रेडिओ दिला म्हणजे माणूस श्रोता असणारच, असा त्यांचा हिशेब. त्यात त्यांना खोटं काही दिसलं नाही. खोटा आकडा ते लिहीत नसत.

भेटीचा सेट आलाच नाही. त्याऐवजी एकेचाळीस कॅलेंडरं आली. ढाणकीतल्या प्रत्येक कटिंगच्या दुकानात दोन वर्षं एकाच बर्फाळ नदीचं चित्र होतं.

हे सगळं माळ्यावर जाऊन बसलं असतं. पण गेल्या फेब्रुवारीत, रेडिओ दिनाचं निमित्त करून, पुसदहून दीपा नावाची मुलगी आली. तिचं मोबाइलवर चालणारं बातम्यांचं चॅनल होतं. मिस्त्रींनी इस्त्रीचा सदरा घातला, कार्डं टेबलावर मांडली, शिक्का उठवून दाखवला आणि म्हणाले, “आमचं मंडळ एकेचाळीस सभासदांचं. सात देशांशी पत्रव्यवहार.” दीपानं नीट, प्रेमानं व्हिडिओ केला. तो तीनशे लोकांनी पाहिला. मग कुणीतरी त्यातले वीस सेकंद कापून घेतले, तेहरान आणि बीजिंगची कार्डं मोठी केली आणि वर लाल अक्षरांत लिहिलं : ‘ढाणकीत विदेशी रेडिओशी जोडलेलं ४१ जणांचं जाळं?’ शेवटी प्रश्नचिन्ह होतं, म्हणजे लिहिणाऱ्याची जबाबदारी संपली. तो तुकडा मात्र उमरखेडपासून झरी जामणीपर्यंत फिरला.

नेमकं त्याच महिन्यात मिस्त्रींच्या नातीचे, नाजियाचे, कागद पोलीस ठाण्यात आले होते. नाजिया सादची मुलगी. दोन वर्षं पुसदला खोली करून अभ्यास केला आणि केंद्र सरकारच्या एका खात्यात लिपिक म्हणून निवडली गेली. घराण्यातली पहिली सरकारी नोकरी. फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती. ठाण्यातून ‘आक्षेप नाही’ असं गेलं की हुकूम निघणार.

हवालदार विठ्ठलराव दुकानात आले ते ओळखीचेच होते. त्यांचा मिक्सर दोनदा इथंच झाला होता. चहा घेतला, कार्डं पाहिली, मग वही उघडली आणि थांबले.

“मिस्त्री, हे काय हो? तेराशे तीस. अकरा पॉइंट आठ सहा. चौतीस हजार चारशे तेहतीस. दुपारी दीडले काय होत होतं?”

“तो लंडनचा दीड, साहेब. आपले संध्याकायचे सात. अकरा पॉइंट आठ सहा म्हनजे स्टेशनची काट्यावरची जागा.”

हे ऐकून विठ्ठलरावांच्या मनातली शंका कमी झाली असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. चौदा वह्या पिशवीत घालून त्यांनी नेल्या. “ठाणेदार साहेबानं सोमवारी बोलावलं. येताना सभासदायची यादी आना, पत्त्यासकट.”

त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. साद उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी करून बोलत राहिला. “अब्बा, बोल दो ना साफ, मंडळ नव्हतंच म्हणून! लोक आपलं नाव वाचूनच तो व्हिडिओ उघडून राह्यले. अन् तुम्ही शिक्का दाखवता!”

“शिक्का होता तं दाखवला.”

“एकेचाळीस जण कुठून आनाल सोमवारी?”

नाजिया ताटातली भाकर मोडत होती, खात नव्हती. ती आजोबांना एवढंच म्हणाली, “दादा, यादीतला एक तरी माणूस खरा आहे का?”

“एक आहे,” मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या एकाकडे गेले. धर्मपाल गुरुजी ओसरीवर पेपर वाचत होते. कांताबाईंनी पाणी आणलं आणि मिस्त्रींचा चेहरा पाहून न विचारताच चहा ठेवायला आत गेल्या. मिस्त्रींनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “गुरुजी, मी तिथं सांगतो का मंडळ नव्हतं. तुमचंही नाव खोटंच टाकलं म्हनतो. तुमच्यामागं कायले लागाव झंझट?”

गुरुजींनी पेपराची घडी घातली. “एकोणचाळीस खोटे असतीन. मी खरा होतो.”

“गुरुजी—”

“पन्नास वर्षं तुह्या त्या मोडक्या स्टुलावर बसलो. तू तं कायी ऐकत नोयता. ऐकलं कोन? मी ऐकलं. आता म्हनतो, धर्मपाल नव्हताच!”

“नाजियाच्या नोकरीचा सवाल आहे.”

गुरुजींनी घडी घातलेला पेपर पुन्हा उघडला. आतून कांताबाईंचा आवाज आला, “काहून वरडता? बुढ्याले काय पोलीस नेऊन राह्यले का?” मग त्यांनीच कपबशा आणून ठेवल्या आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. चहा दोघांनीही तसाच गार होऊ दिला.

सोमवारी संध्याकाळी मिस्त्री ऑटो करून ठाण्यात गेले. सोबत साद आणि एकोणचाळीस जुने रेडिओ, चिठ्ठ्यांसकट. शिवाय त्यांचा स्वतःचा चालू सेट. गुरुजी तिथं आधीच बाकावर बसले होते. ते का आले होते, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मिस्त्रींनी विचारलं नाही.

ठाणेदार रामराव वयानं चाळिशीतले, थकलेले. समोर वह्या उघडून ठेवल्या होत्या. मिस्त्रींनी एकेक रेडिओ टेबलावर ठेवत सभासदांची हजेरी घेतली. “मानीबाई, दराटी तांडा. वारली. लखीराम, तोच तांडा—”

विठ्ठलराव खाकरले. “साहेब, लखीरामचं नाव एका वहीत सापडलं, तं त्याच्याकडं मी काल गेलतो. सभासद नंबर सतरा. त्याले म्हटलं, विदेशी रेडिओच्या मंडळात हायेस का? तं मले म्हनते, ‘मंडळाचं मले कायी माहीत नाई. ढाणकीत रेडिओ टाकलाय दुरुस्तीले. झाला का?’”

“झाला,” मिस्त्री तत्परतेनं म्हणाले. “ब्याऐंशीतच झालता.”

ठाण्यात कुणी हसलं नाही, कारण रामराव हसले नाहीत. त्यांनी वहीवर बोट ठेवलं. “यादीचं समजलं. हे आकडे सांगा.”

मिस्त्रींनी पाच खाने समजावले. रामरावांनी मान हलवली, पण ती पटलं म्हणून नव्हे, ऐकतोय म्हणून. तेव्हा मिस्त्री म्हणाले, “साहेब, तुम्हीच लिहा. मी स्टेशन लावतो. तुम्ही तुमचे पाच आकडे लिहा, मी माहे लिहितो. मग जुळवू.”

सेट लावला. पण मिस्त्रींनी कितीही काटा फिरवला तरी काही लागेना. जिथं मॉस्को असायचं तिथं नुसता वारा. कोलोन नाही, ताश्कंद नाही. ज्यांचे अहवाल त्यांनी पन्नास वर्षं पाठवले ती बहुतेक सरकारं हवेतून उतरून केव्हाच मोबाइलमध्ये गेली होती. हे मिस्त्रींना ठाऊक होतं. ठाण्यात ते पहिल्यांदाच जाणवलं. साद दाराकडे पाहत होता.

मग एके ठिकाणी आवाज सापडला. भरदार, ठेवणीतला, शुद्ध उर्दू. कुणी बाई शांतपणे काही समजावून सांगत होती. विठ्ठलरावांचा हात टेबलावरच थबकला. बाहेरचे दोन शिपाई दारात येऊन उभे राहिले.

“कुठलं आहे हे?” रामरावांनी विचारलं.

“आवाजावरून तं आपलं वाटते,” मिस्त्री म्हणाले.

“उर्दू आहे.”

“आपली उर्दू.”

“हे कसं लिहू मी? नाव सांगा स्टेशनचं.”

“नाव स्टेशन स्वतः सांगन, साहेब. कार्यक्रम सरल्यावर. तोवर थांबा लागते.”

आणि मग एक अख्खं पोलीस ठाणं वीस मिनिटं एका बाईचं भाषण ऐकत थांबलं. वही पुढं होतीच, म्हणून मिस्त्रींनी आकडे लिहिले, रामरावांनीही लिहिले. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. कार्यक्रम संपला, वाद्य वाजलं, आणि बाईनं स्टेशनचं नाव सांगितलं. आकाशवाणीची उर्दू सेवा, सीमेपलीकडच्या श्रोत्यांसाठी. दारातले शिपाई एकेक करून निघून गेले.

वह्या जुळवल्या. चार आकडे सारखे. खरखरीला रामरावांनी दोन दिले होते, मिस्त्रींनी चार.

“हे चुकलं तुमचं,” रामराव म्हणाले. “केवढी खरखर होती.”

“पंखा बंद करा, साहेब.”

विठ्ठलरावांनी पंखा बंद केला. खरखर निम्मी झाली.

“ती खरखर ठाण्याची होती,” मिस्त्री म्हणाले. “स्टेशनचे गुण कायले कापायचे?”

रामराव खुर्चीत मागे टेकले. आकड्यांचं त्यांना पटलं होतं, हे दिसत होतं. तरी म्हणाले, “बरं. आता शेवटचं. पन्नास वर्षं हे लोक तुम्हाला सांगत काय होते?”

मिस्त्रींनी तोंड उघडलं. मॉस्कोचा चढउतार आठवला, तेहरानमागची शिट्टी आठवली. “ते मले नाई सांगता येत, साहेब.”

“लपवता कशाला?”

“मी ते ऐकत नोयतो.”

“पन्नास वर्षं रोज रेडिओ लावला, आणि ऐकलं नाही! मिस्त्री, हे मी लिहिलं तर मलाच चौकशीला बोलावतील.”

सादनं डोक्याला हात लावला. तेव्हा बाकावरून गुरुजी उठले.

“मी ऐकत होतो. मी सचिव. मी सांगतो.” आणि शाळेत धडा सांगावा तसं त्यांनी सांगितलं. “सात देश. सातहीच्या वावरात पीक जोमात. सातहीची फौज पुढं सरकत होती, कोनाचीच मागं नाई. सातही ठिकानी जनता खुश, अन् शेजारच्या देशात जनता कशी दुःखी, ते रोज. जो देश बुडाला तो बुडायच्या आदल्या दिवशीही खुशच होता. अन् आठवा आपला. शहात्तर साली आपल्या रेडिओवर मानसं हसत शिबिरात येत होती, अन् मी त्यायलेच तुरीतून हुडकून काढत होतो. हे लिहून घ्या. सही करतो.”

विठ्ठलरावांची लेखणी कागदावर टेकली होती, पुढे सरकत नव्हती. त्यांनी रामरावांकडे पाहिलं.

“गुरुजी, हे मी लिहून घेऊ शकतो,” रामराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. “मग फाईल पुसदला जाईल. तिथून यवतमाळला. तिथं नवीन साहेब पुन्हा पहिल्यापासून विचारतील. पोरगी तोवर म्हातारी होईल.” त्यांनी कागद ओढला आणि स्वतःच्या हातानं सहा ओळी लिहिल्या. मग वाचून दाखवल्या. सदर मंडळ कधीही अस्तित्वात नव्हते. सभासदांची नावे अर्जदाराच्या आजोबांनी परस्पर लिहिली. वह्यांतील आकडे हे यंत्रदुरुस्तीच्या छंदातील आहेत. शेजारी श्री. धर्मपाल हे या मंडळाचे सभासद नव्हते व त्यांनी कोणतेही विदेशी प्रसारण कधी ऐकलेले नाही.

“दोघांच्या सह्या. ‘आक्षेप नाही’ उद्या सकाळी जाईल.”

मिस्त्रींनी सही केली. आयुष्यात खोट्याखाली केलेली ती पहिली सही, आणि ती करताना त्यांचं अक्षर नेहमीपेक्षा सुरेख आलं. मग लेखणी गुरुजींकडे धरली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं.

गुरुजींनी कागद चष्म्याजवळ नेऊन पुन्हा वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “हे ‘कधी ऐकलेले नाही’ लागतेच का?”

“लागते,” रामराव म्हणाले.

गुरुजींनी सही केली. ज्यानं काहीच ऐकलं नव्हतं त्याच्या वह्या पोलिसांनी परत दिल्या, आणि ज्यानं सगळं ऐकलं होतं त्यानं आपण काही ऐकलं नाही असं सरकारला लिहून दिलं. ऑटोत रेडिओ सरकवून जागा केली होती, तरी गुरुजी पायीच गेले.

एप्रिलमध्ये नाजियाचा हुकूम आला. ती पेढे घेऊन आधी गुरुजींकडेच गेली. गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पेढा खाल्ला, कोणतं खातं, कोणतं गाव ते विचारलं. कांताबाईंनी ओटी भरली. “दादा म्हनते, या ना दुकानात,” नाजिया म्हणाली. “येईन,” गुरुजी म्हणाले. पण महिनाभर ते आले नाहीत. मिस्त्री संध्याकाळी सेट लावत, दोन-तीन आकडे लिहीत आणि बंद करत. स्टूल त्यांनी कुणाला बसायला दिलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात, ऊन उतरताना, गुरुजी आले. बगलेत त्यांचा घरचा रेडिओ होता, कातडी कव्हरवाला. तो त्यांनी गल्ल्याजवळ ठेवला.

“दुरुस्तीले.”

मिस्त्रींनी बटन फिरवलं. विविध भारतीचं गाणं लागलं, खणखणीत. “याले तं कायी झालं नाई, गुरुजी.”

“तू ठेव.”

मिस्त्रींनी पाहिलं. गुरुजी पाहत होते ते माळ्याकडे, चिठ्ठ्या लोंबणाऱ्या रांगेकडे. मिस्त्रींनी रेडिओ बंद केला. खणातून दोरा काढला, चिठ्ठी फाडली, नाव लिहिलं, गाव लिहिलं. ‘बिघाड’ या शब्दापुढची जागा कोरी सोडली.

“केव्हा नेता?”

“सवडीनं,” गुरुजी म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले. “लाव. काय म्हनते आज दिल्ली?”

मिस्त्रींनी काटा फिरवला आणि कान तिरपा केला. यावेळी वही उघडली नाही.

“ऐकू द्या,” ते म्हणाले.